बेल्जियम एका मार्काला

पहिलं महायुद्ध नेमकं का झालं, हे तिरुवल्लिकेणीत एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे चंद्रमौळी राव मास्तर. देवळामागच्या गल्लीत, एकट्या राहणाऱ्या नोकरदारांनी भरलेल्या एका मॅन्शनला, म्हणजे लॉजला, लागून त्यांचं घर. शाळेतून निवृत्त झाले तरी पुढच्या खोलीत इतिहासाची ट्यूशन चालूच होती. शिकवणं इंग्रजीतून, रागावणं तमिळमधून आणि घरातलं बोलणं तंजावरहून आणलेल्या जुन्या मराठीतून, अशी मास्तरांची वाटणी होती.

महायुद्धाची कारणं चार. वाढलेली लष्करं, आपसांतले करार, साम्राज्याची हाव आणि राष्ट्राचा फाजील अभिमान. मास्तर ती एकेका बोटावर मोजत. अंगठा उरे तो राजपुत्राच्या खुनासाठी. "खून हे नुसतं निमित्त!" असं म्हणून ते अंगठा असा झटकत की पुढच्या बाकावरची मुलं मान मागे घेत. कारणांना दहा मार्क. बेल्जियम एका मार्काला. युद्धाचे समाजावर झालेले परिणाम धड्याच्या शेवटी येत आणि तोवर परीक्षा दारात उभी असे. मग मास्तर पुस्तक मिटून सांगत, "तेवढं आपलं आपण वाचा." कुणी वाचत नसे, हे काय सांगायला हवं?

असा हा युद्धांचा जाणकार. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या घरात युद्ध पेटलं ते अगदी पुस्तकाबरहुकूम पेटलं.

निमित्त होतं सांबार. सांबार हा आमच्याच पूर्वजांचा शोध, हे सांगितल्याशिवाय तंजावरी मराठी माणसाला जेवण पचत नाही. मागल्या नवरात्रात मास्तरांकडे सवाष्णी जेवायला होत्या. सांबार केलं होतं चंद्रिकेनं, म्हणजे धाकट्या भावाच्या, शेषाद्रीच्या बायकोनं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एग्मोरहून पहाटे येऊन तिनं एकटीनं स्वयंपाक उरकला होता. मास्तरांनी पहिला घास घेतला आणि भरल्या पंगतीत म्हणाले, "आमच्या घरचं सांबार आमसुलाचं. हे चिंचेचं, कँटीनचं."

चंद्रिका वाढायला पुढच्या पानाकडे वळली. शेषाद्री बोलला. "अण्णा, घरचं पाहिजे तर घरच्यानं करावं. ती परकी असली तर पोदुम, पुरे झालं!"

झालं, अंगठा झटकला गेला. मग करार जागे झाले. अडयारची बहीण कनका मास्तरांच्या बाजूनं उतरली, कारण शेषाद्रीनं तिच्या घरभरणीला हजेरी लावली नव्हती. कनका उतरली म्हणून तिच्या सासरचे उतरले. तिकडे चंद्रिकेचं कोइमतूरचं माहेर शेषाद्रीमागे उभं राहिलं. ज्यांनी ते सांबार हुंगलंसुद्धा नव्हतं, ते तावातावानं चिंचेच्या बाजूनं लढू लागले. घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप फुटून दोन झाले. दोन्हींवर रोज सकाळी त्याच देवाचे तेच फोटो येत, पण इकडचा नमस्कार तिकडे जात नसे. शेषाद्रीनं एग्मोरच्या दुकानातून दरमहा येणारी कॉफीची पूड बंद केली. मास्तर बाजारची पूड पिऊन तोंड वाकडं करत आणि म्हणत, "नाकेबंदी! ह्याला नाकेबंदी म्हणतात." म्हणताना त्यांना थोडं बरंच वाटे. आपण शिकवलेलं खरं ठरतंय याचा आनंद मास्तर लोकांना कुठेही होतो.

या सगळ्यात एक माणूस कुठल्याच ग्रुपवर नव्हतं. मास्तरांची मुलगी शरण्या. तिची आई त्रिपुरसुंदरी गेली तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून चंद्रिका काकू रोज एग्मोरहून बसनं यायची, तिची वेणी घालायची, तिला दहीभात भरवायची आणि मगच परत जायची. काकूला मूल नव्हतं. शरण्याला आई नव्हती. दोघींनी त्यावर कधी चर्चा केली नाही, एकमेकींना घेऊन टाकलं. आता शरण्या ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होती आणि तिचं लग्न ठरलं होतं.

लग्नाआधी या घरात सवाष्णी जेवू घालतात, घरातल्या अहेवपणी गेलेल्या बायकांच्या नावानं. या वेळी ते नाव त्रिपुरसुंदरीचं होतं. पहिलं पान घरच्या सुनेचं, आणि घराला सून आता एकच उरली होती. कनका घरची लेक, तिला ते पान चालत नाही. म्हणजे चंद्रिका आली नाही तर आईच्या नावाचं पान रिकामं राहणार.

"तह करूं," मास्तर म्हणाले आणि त्यांच्या अंगात मुत्सद्दी संचारला. त्यांनी शेषाद्रीला आवाजी निरोप पाठवला. चंद्रिकेनं यावं. पहिल्या पानावर बसावं. सांबाराला हात लावूं नये. आणि नवरात्रात जो अनादर झाला त्याबद्दल अस्क्या लोकांसमोर, म्हणजे सगळ्यांसमोर, दिलगिरी सांगावी. त्याच सकाळी त्यांनी ट्यूशनला शिकवलं होतं, की हरलेल्याला मान खाली घालायला लावणारा तह म्हणजे पुढच्या युद्धाचं बियाणं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. मास्तरांनी नव्हतं.

शेषाद्रीकडून जोडलेल्या हातांचं एक चित्र आलं. मग त्याचा फोन बंद झाला.

त्या आठवड्यात एक दिवस शरण्या दुपारीच घरी आली. दूर कुठेतरी चाललेल्या खऱ्या लढाईपायी जहाजं लांबच्या वाटेनं येत होती, सुटे भाग समुद्रात अडकले होते आणि कारखान्यातली लाइन थांबली होती. कंत्राटी माणसांना घरी पाठवून दिलं होतं. एरवी मास्तरांनी त्या लढाईची कारणं तिला तासभर ऐकवली असती. पण वर्ग चालू होता. शरण्यानं चपला काढल्या, हेडफोन लावून काकांनी पुढे पाठवलेला तो निरोप ऐकला आणि वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, एक डाउट आहे," ती म्हणाली. मुलं वळून बघू लागली. "बेल्जियम कुणाच्या बाजूनं होतं?"

"कुणाच्याच नाही. तटस्थ."

"मग त्यांची गावं का जाळली?"

"वाटेत होतं म्हणून. सैन्याला जायला तोच रस्ता."

"सर, एका मार्काला!" मागून एक मुलगा उत्साहानं ओरडला. वर्ग हसला. मास्तरही हसले.

शरण्या हसली नाही. मग ती घरच्या मराठीत बोलली, जी वर्गात कुणालाच कळत नव्हती. "अप्पा, मी पण वाटेतच उभी आहे. काकू येणार नसली तर मला सवाष्णी वेण्डाम, नकोतच. आईचं पान रिकामं बघायला मी बसणार नाही." आणि ती आतल्या खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

मास्तरांनी वर्ग सोडला. बंद दाराशी बराच वेळ उभे राहिले. दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला, कारण आत जाऊन काय सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांना भीती वाटली, खरीखुरी. शेवटी शर्ट चढवून ते एग्मोरच्या बसमध्ये बसले. उभ्या आयुष्यात त्यांनी भाषणाची तयारी केली नव्हती एवढी त्या बसमध्ये केली. चूक दोन्ही बाजूंची होती, परिस्थिती तशी होती, सांबार हे नुसतं निमित्त होतं. कंडक्टरनं दोनदा हाक मारली तेव्हा त्यांनी तिकीट घेतलं.

दार चंद्रिकेनं उघडलं. मागे शेषाद्री टीव्हीसमोर पाठ करून बसला होता. पाठ वळली नाही.

"चंद्रिका," मास्तरांनी घसा साफ केला, "जे झालं त्याला मुळांत चार कारणं…" बोटं आपोआप वर आली.

"भावजी, ती अस्की कारणं राहूं देत," चंद्रिका म्हणाली. "लाइन बंद आहे म्हणून आज लवकर घरी जातेय, असं पोरीनं दुपारी फोनवर सांगितलं. जेवली का ती?"

मास्तरांची बोटं हवेतच राहिली. पोर जेवली की नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. काल जेवली होती का, तेही ठाऊक नव्हतं. नवरात्रापासून ती घरी काय खात होती, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. हे भाषणात नव्हतं.

चंद्रिकेनं मान हलवली, माफी दिली की नुसतं ऐकून घेतलं ते कळू दिलं नाही. आत जाऊन तिनं डब्यात दहीभात भरला, वर लिंबाचं लोणचं ठेवलं, पर्स घेतली. "दोघं बसा," एवढं म्हणून ती जिना उतरली.

दोघं भाऊ बसले. टीव्हीवर तिसरं महायुद्ध होणार की नाही यावर चारजण एकदम ओरडत होते. मग शेषाद्री टीव्हीकडे बघतच म्हणाला, "मूळ कारण तेल आहे."

"तेल हे निमित्त," मास्तर म्हणाले.

"निमित्त कसं? अण्णा, तुम्ही कधी दुसऱ्याचं ऐकणार?"

आवाज चढले. खालच्या मजल्यावरच्या बाईनं खिडकी लावून घेतली. चंद्रिकेची ऑटो तोवर तिरुवल्लिकेणीत पोचली होती, आणि शरण्यानं कडी काढली होती.