उघडणारी पाती

गुरुवारपासून एका निरोपाला मी उत्तर दिलेले नव्हते. क्वीन्सलंडमधल्या ज्या शेतमालकाच्या रानात आम्ही धनुष्यबाणाने रानडुकरांची शिकार करतो, त्याने विचारले होते: या वेळी बाणांना कोणती टोके मागवू, पक्क्या पात्यांची की उघडणाऱ्या?

सिंगापूरमध्ये आमच्या सरावाच्या मैदानावर फक्त साधी, बोथट टोके चालतात. पात्यांची टोके तिकडे शेतमालकाच्या शेडमध्येच राहतात.

गेल्या वर्षी मी उघडणारी निवडली. उडताना त्यांची पाती मिटलेली असतात, त्यामुळे ती सरावाच्या टोकासारखीच सरळ जातात. पक्क्या पात्यांना वारा धरतो. धनुष्य त्यांच्यासाठी पुन्हा जुळवावे लागते. त्यात सुट्टीचे दोन दिवस गेले असते. ते मी वाचवले. तुआसच्या कारखान्यात पंचवीस वर्षे कापायची हत्यारे हाताळणाऱ्या माणसाला एवढे कळायला हवे होते, की पाते उघडायलाही जोर लागतो आणि तो बाणाच्याच जोरातून वजा होतो. शिवाय खांदा दुखावल्यापासून मी धनुष्याचा ताण कमी करून घेतला होता. कळत नव्हते असे नाही. मी त्याकडे पाहिले नाही.

डुक्कर तिरके उभे होते. बाण खांद्यावरच्या जाड कातडीत जेमतेम दोन बोटे शिरला. ते किंचाळले आणि झुडपांत घुसले. दुपारभर आम्ही रक्ताच्या ठिपक्यांमागे चाललो. ओढ्यापाशी माग संपला. वाटेत बाण सापडला. एक पाते उघडलेले, दुसरे तसेच मिटलेले.

कारखान्यातला चिनी सहकारी माझा शिकारीतला सोबती. परवा कॅन्टीनमध्ये तो त्याच्या सिंगापुरी सवयीने शेवटी 'ला' जोडत म्हणाला, "अजून त्या डुकराचं सुतक? शेतमालक तर त्यांना विष घालतो, ला."

"विष मी घालत नाही."

"हो ना. तू फक्त अर्धवट मारतोस."

तो हसत होता. मला नूडल्स संपवता आल्या नाहीत.

संध्याकाळी यिशुनच्या घरी पत्नी मेथी निवडत होती. निरोपाचे तिला सांगितले.

"अहो, मग जाऊच नका की. डुकरानं आमंत्रण धाडलंय का?" थोड्या वेळाने, मान वर न करता, तिने विचारले, "मागच्या वेळी ते टोक का घेतलं होतंत?"

"सरळ जातं म्हणून."

"की तुम्हाला सोपं पडतं म्हणून?"

मी देठ गोळा करू लागलो. रात्री कूस बदलत राहिलो.

आज सकाळी कामावर जाताना जुराँग ईस्टला गाडी बदलली आणि फलाटावरच उभे राहून लिहिले: "पक्क्या पात्यांची. पहिले दोन दिवस मी फक्त फोमच्या ठोकळ्यावर मारीन. वीस पावलांवर तीन बाण तळहाताएवढ्या जागेत बसले नाहीत, तर रानात येणार नाही. तुमचा स्वयंपाक करीन."

उत्तर लगेच आले. "ठीक. सांगायचं राहिलं, ओढ्यापलीकडे एक डुक्कर पुढचा पाय ओढत फिरतं. तुझंच असावं. तुझ्यासाठी राखून ठेवू?"

दोन गाड्या निघून गेल्या. इतके महिने मी ते मेले असे मानून खंत करत होतो, आणि त्या खंतीतही थोडी सोय होती.

मी लिहिले, "राखू नका. आजच बंदुकीने मारा. माझी वाट पाहू नका."

मग तिसऱ्या गाडीत चढलो. बसायला जागा होती, बसवेना.