बाहुल्यांच्या डोक्यावरचे टाके

लोकरीचे केस लावायचं काम असं, की हात गुंतलेले आणि तोंड मोकळं! श्रीवर्धनला सुमनकाकूंच्या वाडीतल्या खोलीत आम्ही तिघी बाहुल्या करतो. काकू, म्हसळ्याजवळच्या गावातून एसटीने येणारी मंगल आणि मी. बाहुल्या खपतात, किस्से मात्र इथेच साठत जातात.

मंगल नवीन होती तेव्हाची गोष्ट. पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळायची, एका कडेने कापायची, डोक्यावर पसरून मधोमध भांगाची शिवण घालायची. तिला सगळं पटकन जमलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर सहाही बाहुल्यांच्या कपाळावर तेलाचे ओघळ! मंगलने खोबरेल चोपडून सगळ्यांच्या घट्ट वेण्या घातल्या होत्या.

"मंग? पोरींना बिनतेलाच्या बाजारात धाडायच्या व्हय?" ती म्हणाली.

सगळं कापड वाया गेलं, पण तिला रागवायला कोणाची जीभ रेटेना.

*

किनाऱ्यावरच्या आमच्या स्टॉलवर एक मुंबईची बाई गोल्डन केसांची बाहुली मागत होती. "सगळ्या ब्लॅकच आहेत?"

"उन्हात ठेवा," काकू म्हणाल्या. "आमच्या मुलींचे केस समुद्रावर खेळून तसेच होतात."

बाईंनी दोन घेतल्या!

*

एकदा काकूंच्या बाहुलीचे केस अर्धे काळे, अर्धे नेव्ही ब्लू निघाले. तीच बाहुली सगळ्यात आधी खपली, म्हणून आम्ही पोट धरून हसलो. पुढच्या आठवड्यात एकीचा भांग पार कानाकडे गेला, तेव्हा हसू आलं नाही. काकूंची नजर जात चालली होती. आता चष्मा बदलून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकूंनी ते आमच्यापासून लपवलं. त्यांच्या सुनेने सांगितलं, तेव्हा कळलं.

"त्यांना काम सोडा म्हणू नका हं," ती म्हणाली. "त्या खोलीशिवाय त्यांचा दिवस जाणार नाही."

*

मंगलने काळ्या लोकरीच्या टोकाला एक गाठ मारली, निळ्या लोकरीच्या टोकाला दोन.

"काकू, नवा माल हाय. कंपनीच गाठी मारून धाडते!"

काकूंनी टोकं चाचपली. "हुशार कंपनी आहे."

*

वाकडे भांग माझ्याकडे आले. बाहुल्या घरी न्यायच्या, रात्री काकूंची शिवण उसवायची, सरळ घालायची, सकाळी गुपचूप टोपलीत ठेवायच्या. दोन महिने बिनबोभाट चाललं. मला मात्र फार वाईट वाटायचं. ज्या बाईने मला सुई धरायला शिकवली, तिचेच टाके मी उसवत होते.

परवा काकूंनी टोपलीतली एक बाहुली उचलली आणि भांगावरून अंगठा फिरवला.

"मीना, हा टाका उजव्या हाताचा आहे."

काकू डावखुऱ्या! मंगल लोकर गुंडाळायची थांबली.

"कधी कळलं, काकू?" मी विचारलं.

"पहिल्याच बाहुलीला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा हात सुधारत होता ना!"