नावेच्या पोटातला दिवा

माझं माहेर साखऱ्याचं. सासर जवळा बाजारच्या पलीकडं पूर्णाकाठी, नाव चालवणाऱ्या घरात. सावत्र आईनं मला दुसरीतून काढलं आणि लग्नात बजावलं, "परत आलीस तर दार उघडणार न्हाई." म्हणून सासरच्या भाकरीला मी मनात हात जोडी. कुणी जोरात बोललं, की वाटे, आता घालवून देतात.

नाव लहानच. वारा असला की शीड, नसला की बांबू. त्या साली ठेका घेतलेल्या गुत्तेदारानं पैलतीरी मोटर आणली आणि पेट्रोलचे डबे आमच्या नावेतून जाऊ लागले. घरात राकेल सगळ्यांना माहीत. म्हणून भायांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, हेही तसंच ठेवलं. ऊन लागू नये म्हणून नावेच्या पोटात, वर ओली पोती, त्यावर फळ्या गच्च. जितकं झाकावं तितकं बरं, असा समज.

पोटात झिरपलेलं पाणी उपसायला मी एकदा फळी काढून वाकले, तर डोळ्यांत झोंबलं, गरगरलं. उभी राहिले, वास गेला. वाकले, पुन्हा तेच.

त्याच सकाळी नावेची पूजा होती. पूर ओसरला की घरची सवाशीण नावेच्या पोटात दिवा ठेवी. यंदा मान माझा. आत्याबाईंनी, माझ्या सासूनं, पेटलेलं निरांजन हातात दिलं.

"आत्याबाई, खाली वास येऊन राहिला. दिवा नको."

त्यांनी उभ्या उभ्या हुंगलं. "मला तर न्हाई आला."

"वाकून बघा."

थोरली जाऊ हसली. "व्हय, आता समद्या घरानं हिच्यापुढं वाका! दोन बुकं शिकली, तर नाकबी शिकलं का गं?"

"दिवा ठेव," आत्याबाई म्हणाल्या, "न्हाईतर गाडी जुंपते."

गाडी म्हणजे साखरा. तरी माझा हात पुढं जाईना. जावेनं निरांजन हिसकावलं. "मी ठेवते. हिला बसवा गाडीत."

ती वाकली. दिवा फळीपर्यंत पोचलाही नव्हता. भप्पकन जाळ उठला. भायांनी तिला नदीत ढकललं म्हणून जगली. एक गाल जळला आणि दोन्ही हात भाजून कामातून गेले.

माझं खरं होतं, असं कुणी म्हणालं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "हिनंच अपशकून केला." पण गाडी जुंपली नाही. जावेचे हात गेल्यावर चूल कोण बघणार?

नवी नाव आली. डबे आता नावेच्या मागच्या टोकाला, शेपटाकडं, उघड्यावर, दोरानं बांधून. आणि रोज सकाळी हुकूम, "जा गं, हुंगून ये." मी पालथी पडून डोकं नावेत घाली. काठावरची माणसं म्हणत, "कुत्री बरी पाळली!" मी उठून "न्हाई" म्हणाले, की नाव सुटे.

एकदा मला पडसं झालं. नाक गच्च. कुणाला सांगावं? नाक गेलं, तर मला ठेवतील काहून? मी जावेला हळूच म्हणाले, "अक्का, आज मला काहीच कळंना."

"मंग आज तुझा काय उपयोग?" ती म्हणाली. मग वाकड्या बोटांनी काठ धरून गुडघ्यावर बसली आणि जळका गाल नावेत घातला. किती तरी वेळ वर येईना.

"न्हाई वास," ती उठत म्हणाली. "आत्याबाईला सांगत न्हाई. पर आजपून माझे पाय तू दाबायचे."

त्या दुपारपासून मी तिचे पाय दाबू लागले. मला फार बरं वाटलं. नाकाशिवाय आणखी एक काम मिळालं होतं.