डाव्या कानातलं गंधोदक

एका हंड्याचं पाणी गाळून झालं होतं, दुसऱ्यावर फडकं ताणून ठेवलेलं. तेवढ्यात सासूबाई, राजमतीबाई, बस्तीतून म्हणजे आमच्या जैन मंदिरातून आल्या. हातात गंधोदकाची वाटी. भगवंताच्या अभिषेकाचं ते पाणी आम्ही मस्तकाला, डोळ्यांना लावतो. त्यांनी माझ्या दिरांना, जिनपाल भाऊजींना, खांबाशी बसवलं, मान कलती केली आणि डाव्या कानात बोटानं थेंब सोडले.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, कानात नको! डॉक्टरांनी कोरडा ठेवायला सांगितलाय."

"अगं चंदन, देवाचं पाणी हाय ते. नदीचं न्हवं."

भाऊजींनी हातानंच मला गप्प केलं.

भाऊजींचं सगळं तारुण्य कृष्णाकाठच्या पाणी उपसायच्या डिझेल इंजिनावर गेलं. उजवा कान इंजिनाकडे, तो आधी गेला. मग डावा फुटला, पू येऊ लागला. आणि इंजिन बंद केलं तरी डोक्यातली धडधड चालूच. "वैनी, याची चावी कुठं हाय तेवढं सांगा," म्हणून हसायचे. लसणाचं तेल झालं, पाल्याचे रस झाले. शेवटी ७४च्या उन्हाळ्यात मिरजेला नेलं.

डॉक्टर म्हणाले, उजव्याची शीर बरीचशी मेली. तिथं मशीन, म्हणजे खिशात डबी आणि कानाला वायर. चाहूल लागेल, शब्द कळतीलच असं नाही. डाव्याचा पडदा फाटलाय, पण शीर चांगली आहे. कानामागचा पापुद्रा काढून पडदा बसवता येईल. मात्र पावसाळाभर कान कोरडा राहिला पाहिजे. तेल नाही, पाणी नाही. धडधडीवर औषध नाही. झोपताना उशाशी रेडिओ बारीक लावायचा, म्हणजे ती जरा झाकते.

भाऊजी बस्तीत पूजेची पदं म्हणायचे. ऐकू येईना तशी चाल सुटायला लागली. एकदा पूजेला बसलेला गावातला भाऊसो सगळ्यांदेखत म्हणाला, "जिनपाल, इंजिन गरम झालं काय रं?" सगळे हसले, भाऊजीही हसले. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. मला म्हणाले, "डावा कान आला की म्हणीन."

पावसाळ्यात कान खडखडीत वाळला. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं. ते नीट पार पडावं म्हणून सासूबाईंनी कार्तिकातल्या अष्टान्हिकेत, त्या आठ दिवसांच्या पर्वात, एकवेळच जेवायचं व्रत धरलं आणि रोज हे गंधोदक सुरू झालं.

मी भाऊजींच्या डाव्या कानाशी ओरडून विचारलं, नको का म्हणत नाही? तर म्हणाले, "म्हातारी माझ्यापायी उपाशी ऱ्हातीया. तिला न्हाई कसं म्हणू? आन् देवाचं पाणी बाधंल व्हय?"

मी उपाध्यांकडे, आमच्या पुजाऱ्यांकडे, गेले. ते घरी येऊन बोलले, "मस्तकाला लावायचं, राजमतीबाई. कानात कुणी सांगितलं?"

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या लेकाचा कान हाय व्हय?" आणि कानात थेंब सोडणं चालूच ठेवलं.

पुढं कान ठणकला, ताप भरला. घर फिरतंय म्हणून भाऊजी खांबाला मिठी मारून बसले. मिरजेला डॉक्टरांनी कान तपासायचा दोन दातांचा लोखंडी काटा वाजवून डाव्या कानाशी धरला. भाऊजी त्यांच्याकडे बघत राहिले. काटा आता वाजवतील, मग वाजवतील, म्हणून वाट बघत होते.

डॉक्टर म्हणाले, सूज आत उतरलीय. डावी शीरही गेली. आता पडदा बसवून उपयोग नाही. मी पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि हातानंच पुसलं.

घरी सासूबाईंनी मान हलवून विचारलं, काय म्हणाले? भाऊजी म्हणाले, "थंडी बाधली म्हणाले, आई." त्यांनी मला तेच सांगायला लावलं. ती माउली अजून व्रत सोडत नाही.

आता बाहेरचं सगळं गेलं, आतलं इंजिन तेवढं राहिलं. झाकायला रेडिओ लावावा तर तोही ऐकू येत नाही. भगवंताचं काही चुकलं असं माझ्या मनाला शिवत नाही. पण पाण्यात जीव असतात, म्हणून तर आम्ही ते रोज गाळतो. हे त्या वाटीपाशी कुणालाच आठवलं नाही.

आज सासूबाई वाटी घेऊन आल्या. भाऊजींनी त्यांचं बोट धरून कपाळाला टेकवलं. उजव्या कानाला मिरजेहून आणलेलं मशीन लावलंय, पण त्याचे सेल संपलेत. उद्या सकाळी ते सांगलीला सेल आणायला जाणार आहेत.