वहिनीची अर्ध्या तासाची सुट्टी

मैत्रिणींनो, दुपारपासून मन कशात लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आज बदलापूरला दादाकडे गेले होते. त्याचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचलाय, अंथरुणातून उठणं बंद झालंय. त्याचं सगळं वहिनी एकटी करते. एरवी मी शहाळी घेऊन जाते, तिच्या हातचा चहा पिते आणि अंबरनाथला परत येते. आज मात्र ठरवूनच गेले होते. म्हटलं, "वहिनी, मी बसते दादाजवळ. तू अर्धा तास बाहेर फिरून ये."

दादा हसला. "जा गं, संधी आहे. पळून जा."

"पळाले तर तुमचे उशीचे नखरे कोण पुरवणार?" म्हणत तिने केस विंचरले, चप्पल घातली आणि गेली.

थोड्या वेळाने दादा कण्हायला लागला. "कमरेखालची उशी सरकलीय, नीट कर." मी हात लावला तसा तो ओरडलाच. घाबरून मी वहिनीला फोन केला. रिंग दाराबाहेरच वाजली.

ती जिन्यातच बसून होती.

"अगं, गेली नाहीस?"

"तुमचा फोन येणार हे माहीत होतं, ताई," म्हणत ती आत आली, दादाला अलगद कुशीवर घेतलं आणि उशी लावली.

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. इतके महिने जातेय, पण उशी कशी लावायची हे मी कधी विचारलंच नाही.

निघण्याआधी शिकून घेतलं. पुढच्या वेळी तरी ती जिना उतरेल.

तुमच्याही घरी कुणी असं आजाऱ्याचं करत असेल. त्यातलं एक तरी काम तुम्हाला येतं का?