टिक आधीच मारलेली होती

मालाडच्या आमच्या छोट्या ऑफिसात वेबसाइट बनतात आणि किस्से साठतात. बाकीच्यांचे किस्से बॉसवरचे, माझे सगळे एकाच फॉर्मवरचे. घाटकोपरच्या एका वधू-वर मंडळाला दर सोमवारी ईमेलने स्थळं पाठवायची होती. त्यासाठी नाव नोंदवायचा फॉर्म मी केला. मंडळ चालवणाऱ्या सावंतकाकू म्हणाल्या, "चौकटी टाक रे. लोकांना टिक मारायला आवडतं!" टाकल्या. माझी मान अजून खाली आहे.

*

पहिलीच चौकट, ‘मी सहमत आहे’. कशाला, ते लिहायचंच राहिलं. मुलुंडहून एका गृहस्थांचा फोन आला, "कशाला सहमत ते सांगा ना! मला घरात विचारायला लागतं."

*

चौकटी एवढ्या बारीक झाल्या, की बोट नेमकं पडेना. खरं तर बाजूचे शब्द दाबले तरी टिक यायला हवी, पण ते मी जोडलंच नव्हतं. एका आजोबांनी कळवलं, "‘नोकरी करणारी सून’ सकाळपासून दाबतोय, ढिम्म हलत नाही!" शेजारच्या टेबलावरच्या सोनलने ते मोठ्याने वाचलं. माझे कान लाल झाले.

*

टिक मारल्यावर पुढे काय कळवायचं, ते कोडमध्ये लिहावं लागतं. नाही लिहिलं तर नुसतं ‘ऑन’ जातं. मी विसरलो, आणि काकूंचा फोन आला.

"अरे, शिक्षण ऑन, पगार ऑन, पत्रिका ऑन! हे स्थळ आहे की मिक्सर?"

मी पॅन्ट्रीत जाऊन उभा राहिलो.

*

‘वधू हवी’ आणि ‘वर हवा’, एकाने दोन्हींवर टिक मारली. मी शहाणपणा करून त्यांना मेल टाकली, ‘कृपया एकच निवडा.’

उत्तर आलं, "मुलगा आणि मुलगी, दोघंही लग्नाची आहेत. कुठलं एक निवडू?"

सोनल म्हणाली, "तू ना, लोकांना विचारत जा रे आधी!"

*

आता शेवटचा. हा सांगताना अजून लाज वाटते.

बोरिवलीला माझी आत्या एकटी राहते. वय छप्पन्न. तिने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही, हा विषय आमच्या घरात निघत नाही. माझ्या बहिणीसाठी स्थळं बघायला म्हणून तिने तो फॉर्म भरला. त्यात ‘स्वतःसाठी’ अशी एक चौकट होती. टेस्टिंग करताना मी त्या चौकटीवर टिक मारून ठेवली होती आणि ती काढायची राहिली. बारीक चौकट, आत्याला दिसलीही नसेल.

सोमवारी तिला मेल गेली, ‘आपल्या वयाला अनुरूप स्थळं’. चांगली तीन स्थळं, फोटोंसकट!

‘तुझ्या आत्यालाही स्थळं गेली,’ असं काकूंनी सहज सांगितलं. तसाच उठून बोरिवलीला गेलो. आत्या फरसबी मोडत बसली होती.

"आत्या, माझी चूक गं. ती टिक मीच ठेवली होती. तुला वाईट वाटलं असेल. दे मोबाइल, आत्ता काढून टाकतो."

तिने मोबाइल दिला नाही. फरसबीच्या शिरा काढत राहिली.

"काढशील रे," ती म्हणाली. "येत्या सोमवारचं येऊन जाऊ दे."