उजव्या हातातल्या बांगड्या

सदुसष्ट-अडुसष्टची गोष्ट असेल. अमरावतीच्या दवाखान्यात आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं. सुईला शीर सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी उजव्या कोपरातल्या शिरेतून एक बारीक नळी थेट छातीपर्यंत सरकवली. तिच्यातून सलाइन चालायचं. कॅन्सर आहे हे आम्ही आईला सांगितलं नव्हतं. अकोल्याहून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा, म्हणजे माझे वडील, तिच्यादेखत सांगायचे, साधी गाठ होती, निघाली. वकील माणूस, खोटंही ठासून बोलायचे.

एका सकाळी पाहते तर तो हात खांद्यापासून बोटांपर्यंत टम्म फुगलेला, निळसर. हिरव्या बांगड्या मनगटात रुतलेल्या. डॉक्टर म्हणाले, "नळीभोवती रक्ताची गुठळी झाली आहे. सुटून फुप्फुसात गेली तर काही खरं नाही. नळी काढतो, रक्त पातळ करायचं औषध देतो, पण आधी या बांगड्या फोडा. नाहीतर हातही जाईल."

सिस्टर पक्कड घेऊन आली. आईनं हात झटकन छातीशी ओढला.

"हात नोका लावू. हे समोर उभे हायेत अन् तुमी माह्या बांगड्या फोडता?"

"अगं, जीव मोठा की काच?" मी खेकसले. असा राग आला होता मला तिचा. आणि भीती तर त्याहून जास्त, कारण तिनं हात हलवला की वाटायचं, आता सुटली ती गुठळी. पण ही बाई ऐकेल तर शपथ. तोंड फिरवून पडून राहिली. दादा खाटेच्या पायथ्याशी उभे होते.

शेवटी त्यांनीच सिस्टरच्या हातातून पक्कड घेतली.

"मी जिवंत आहे ना? मग मीच वाढवतो."

आईनं हात पुढे केला. दादांनी रुमालाची घडी बांगड्यांखाली कशीबशी सारली आणि एकेक बांगडी वाढवली. मनगटावर लाल वळ उमटले होते. सिस्टरनं काचा गोळा केल्या आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

मग आई दादांना हळूच म्हणाली, "डाव्या हातातल्या राहू द्या. भरल्या हातानं जायले तेवढ्या पुरतीन."

तिला हे कोणी सांगितलं, ते विचारायची आम्हा दोघांची हिंमत झाली नाही.